सायलेन्सरचा धंदा करायचाय? आधी माझ्या पोलोची ही गोष्ट वाचा



मागच्या व्हिडिओत मी माझ्या पोलोचा ओझरता उल्लेख केला आणि खाली निम्मे प्रश्न धंद्याचे सोडून गाडीचेच आले. "सर, एक्झॉस्ट कुठे केला?" "किती खर्च आला?" "आवाज कसा आहे?" म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकतो. गोष्ट गाडीची आहे, पण हिशोब धंद्याचा आहे, तेव्हा दोन्ही मंडळींनी वाचा.

मी करंजाड्यात राहतो. सिडकोने वसवलेला हा भाग दहा-पंधरा वर्षांत भराभर वाढला. इमारत झाली की जिन्याला रेलिंग लागतं, बाल्कनीला लागतं, गेट लागतं. आमच्या वर्गातला एक मुलगा हेच काम करतो. मूळ इथल्याच गावातला, आजोबांची भातशेती होती, आता त्या जागी रस्ते आणि टॉवर. भाड्याच्या गाळ्यात स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग करतो. हात इतका साफ, की टाका बघितला तर नाण्यांची चळत आडवी पाडल्यासारखा दिसतो.

एक दिवस वर्ग संपल्यावर थांबला. म्हणाला, "सर, रेलिंगमध्ये आता काय राहिलं नाही. चौकाचौकात रेलिंगवाला झालाय. मी गाड्यांचे एक्झॉस्ट बनवतो. पाइप तोच, वेल्डिंग तेच, आणि पोरं पैसे मोजायला तयार आहेत."

मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, "गिऱ्हाईक कोण?" त्याने माझ्या गाडीकडे बोट दाखवलं.

हे हॉट हॅच प्रकरण काय आहे

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोजच्या वापराची छोटी हॅचबॅक, पण इंजिन दमदार आणि सस्पेन्शन घट्ट, तिला हॉट हॅच म्हणतात. भाजी आणायला पण तीच आणि रविवारी पहाटे लोणावळ्याला पण तीच.

आपल्याकडे या गाड्यांचं खरं माहेर म्हणजे पुणे जिल्हा. फोक्सवॅगनची पोलो 2009 च्या अखेरीपासून चाकणला बनायला लागली. तिची जीटी टीएसआय 2013 मध्ये आली, 1.2 लिटर टर्बो, 105 पीएस. फियाटने 2015 मध्ये अबार्थ पुंटो आणली, रांजणगावची, 145 हॉर्सपॉवर. त्या वेळी त्या किमतीत असं काही मिळतच नव्हतं. पुढे ह्युंदाईची आय-20 एन लाइन, टाटाची अल्ट्रोझ रेसर, दोन्ही 120 पीएसच्या आणि दोन्हींत आवाजावर कंपनीनेच काम केलेलं.

यात धंदेवाल्याने एक गोष्ट टिपून ठेवावी. पोलोचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं. ज्या गाडीचं उत्पादन थांबतं, तिचा शौकीन मालक गाडी विकत नाही, तिच्यावर खर्च करत बसतो. मी स्वतः त्यातलाच. घरी याचा हिशोब कधी दिलेला नाही आणि इथेही देणार नाही.

तर माझ्या गाडीला आधीच एका गॅरेजमधून एक्झॉस्ट बसवून घेतला होता. नाव सांगत नाही, कारण चूक माझीही होती. मी तिथे जाऊन फक्त एवढंच म्हणालो होतो, "आवाज भारी पाहिजे." मागितलं तेच मिळालं.

घुमणारी गाडी आणि सव्वा मीटरचा पाइप

आवाज पहिले चार दिवस भारी वाटला. पाचव्या दिवशी सहकुटुंब पुण्याला निघालो. बोरघाट चढताना गिअर खाली येतो आणि काटा 2400 आरपीएमच्या आसपास रेंगाळतो. नेमका तिथेच गाडीत असा घुमारा उठायचा की कानात दडे बसावेत. खोपोली ते खंडाळा कुणी कुणाशी बोललं नाही. बोलून ऐकूच आलं नसतं.

परत आल्यावर गाडी त्या मुलाकडे नेली. म्हटलं, तुला धंदा करायचाय ना, मग हे सोडवून दाखव. त्याने दोन दिवस व्हिडिओ बघितले, मग आम्ही दोघांनी कागदावर गणित मांडलं. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. 2400 फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला 40, म्हणजे 80 स्फोट, म्हणजे 80 हर्ट्झचा आवाज. हा आवाज मारायचा असेल तर मुख्य पाइपला एक बंद तोंडाची आडवी नळी जोडतात, लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांश लांबीची. आवाज तिच्यात जातो, टोकाला आपटून परत येतो आणि उलटा होऊन मूळ आवाजालाच खातो. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला 400 ते 480 मीटर धरला, तर नळी सव्वा ते दीड मीटर लांब हवी. गाडीखाली एवढी सरळ जागा कुठली? त्याने ती वाकवून मागच्या बाजूला बसवली, आणि थोडी थोडी कापत घुमारा जाईपर्यंत आणली.

घुमारा गेला. बाहेरचा आवाज मात्र तसाच राहिला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

या कामात त्याला स्वतःच्याच मालाबद्दल नव्याने शिकावं लागलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून तो रेलिंगसाठी पाइप आणतो. रेलिंगच्या बाजारात 304 च्या नावाखाली 202 सर्रास खपतं. आणि आपले लोक काय करतात, चुंबक लावून बघतात. चिकटला नाही की म्हणतात अस्सल. अहो, 202 ला पण चुंबक चिकटत नाही! ते ओळखायला रसायनाचे थेंब टाकून बघावं लागतं. उलट गाडीच्या कंपन्या एक्झॉस्टला बऱ्याचदा 409 वापरतात आणि त्याला चुंबक छान चिकटतो. तो माल हलका नसतो, त्या कामासाठीच असतो. आमच्याकडे खाडीची खारी हवा, वर चार महिने पाऊस. 202 चा एक्झॉस्ट इथे किती दिवस टिकेल ते वेगळं सांगायला नको.

दुसरं, रेलिंगचा पाइप पातळ असतो. एक्झॉस्टला दीड मिलिमीटर जाडी बरी. सव्वादोन इंची पाइप त्या जाडीत मीटरला दोन किलोच्या वर भरतो. आणि वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आरगॉन वायू सोडावा लागतो. नाहीतर बाहेरून टाका सुंदर दिसतो आणि आतून जळलेल्या साखरेसारखे खडे जमतात. रेलिंगच्या आत कोण बघतंय? एक्झॉस्टच्या आतून मात्र वायू वाहतो.

पहिल्या ऑर्डरचा हिशोब

माझ्या गाडीमुळे त्याला पहिली ऑर्डर मिळाली, आमच्याच सोसायटीतल्या एकाची. 14,000 रुपयांत पूर्ण एक्झॉस्ट. पोरगं खूश. मी म्हटलं, वही आण.

पाइप, बेंड, मफलर, फ्लँज, क्लॅम्प मिळून 6,200. आरगॉन, फिलर, कटिंग चकत्या 900. म्हणजे 7,100 गेले, 6,900 राहिले. तो म्हणाला, "बघा सर, निम्मे सुटले."

"दिवस किती लागले?"

तीन दिवस कामाला, आणि बंपरला पाइप घासतोय म्हणून गाडी परत आली तेव्हा आणखी एक. चार दिवस. त्याच्या गाळ्याचं भाडं, मदतनिसाचा पगार, वीज, हे सगळं मिळून रोजचा खर्च 2,100 आहे. हा आकडा त्याला पाठ होता, कारण वर्गात पहिल्याच दिवशी मी तो काढून घेतो. चार दिवसांचे 8,400. हातात 6,900. म्हणजे 1,500 रुपये खिशातून घालून त्याने शेजाऱ्याची हौस पुरवली, आणि स्वतःची मजुरी अजून धरलेलीच नाही.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग 20,000 घेतो." घेऊ शकतो. मिळतीलही. पण तेवढ्यात दुसरं प्रकरण झालं.

पाच हजार आणि एक लाख

एका संध्याकाळी पनवेलला मला वाहतूक पोलिसांनी बाजूला घेतलं. चलन झालं. त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. सोसायटीत तर वॉचमनकाका आधीपासून सांगत होते, "साहेब, पहिल्या मजल्यावरची आजी तुमची गाडी आली की उठून बसते." मी हसण्यावारी नेत होतो. त्या रात्री मात्र मी कायदा उघडून बसलो. मी वकील नाही, तुम्ही तुमच्या वकिलाला विचारा, पण जे वाचलं ते सांगतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 182-अ आलं. मालकाने बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाजाचे आणि प्रदूषणाचे नियम मोडून गाडी रस्त्यावर चालवली तर कलम 190 लागतं. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद.

हे झालं गाडीवाल्याचं. आता गॅरेजवाल्याचं ऐका. त्याच कलम 182-अ मध्ये पहिलंच पोटकलम डीलरबद्दल आहे. डीलरने नियमाबाहेर बदल करून दिला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा गाडीमागे एक लाख दंड, किंवा दोन्ही. आमचा मुलगा म्हणाला, "सर, मी कुठे डीलर? शोरूम थोडीच आहे माझी." मग मी त्याला कायद्यातली व्याख्या दाखवली. त्यात डीलर म्हणजे गाड्या दुरुस्त करणाराही येतो.

एकच पाइप. बसवून घेणाऱ्याला पाच हजार, बसवून देणाऱ्याला एक लाख. आणि त्यातून त्याला सुटणार किती होते, ते वर लिहिलंच आहे.

त्याने मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडलं. म्हणाला, "आपण 80 डेसिबलच्या आत ठेवू." तसं चालत नाही. नवीन कार मंजूर करताना ती वेगात जवळून जाताना ठरलेल्या अंतरावरून आवाज मोजतात, आणि छोट्या प्रवासी कारला मर्यादा 74 डेसिबल आहे. नळकांड्यामागे मोबाइल धरून ते कळत नाही. शिवाय डेसिबलचं गणित सरळ नसतं. दहाने वाढला म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. पहिल्या मजल्यावरच्या आजीला हे गणित न शिकताही कळत होतं.

मी मूळ सायलेन्सर परत बसवला. नवा एक्झॉस्ट काढून त्याच्या गाळ्यात ठेवला.

एकाच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला

मग हौसेचं काय करायचं? ती अशी दाबून जात नाही. माझ्या एका मित्राने सुचवलं, चेन्नईला ट्रॅकवर चल.

आपल्या राज्यात कार पळवायच्या जागा कमीच. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यती होत आल्या आहेत. वळणं शिकायची तर कोल्हापूर. कुस्तीचं कोल्हापूर हे गो-कार्टिंगचंही गाव आहे हे बाहेरच्यांना पटत नाही. मोहिते मंडळींनी तिथे ट्रॅक उभा केला आणि कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक थेट ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला. मी जाता जाता तिथे कार्ट चालवून गेलो. सांगतो, ज्याला ट्रॅकची खाज आहे त्याने आधी कार्ट चालवावी. पंधरा मिनिटांत आपण किती कच्चे आहोत ते कळतं आणि बिल फारसं येत नाही.

गंमत बघा, पनवेलवरून जाणारा आपला राष्ट्रीय महामार्ग 48 पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू करत चेन्नईला जातो, आणि मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक याच महामार्गालगत, श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे. साडेबाराशेच्या वर किलोमीटर, पण रस्ता एकच. ट्रॅक 1990 चा, पावणेचार किलोमीटरच्या जवळपास. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या.

नवा एक्झॉस्ट मागची सीट पाडून तिरका घालून नेला होता. गाडी रस्त्यावर मूळ सायलेन्सरवरच गेली. ट्रॅकवर पोचल्यावर पिटमध्ये बदलला. चार बोल्ट आणि दोन क्लॅम्प. आमच्या मुलाने जोड मुद्दाम तसा करून दिला होता. तोही सोबत होता, बोल्ट त्यानेच कसले.

पहिल्या दोन फेऱ्या स्वर्ग. तिसऱ्या फेरीला मुख्य सरळ पट्टीच्या शेवटी, काटा दीडशेच्या आसपास, मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल मऊ लागलं. आणखी दाबलं, आणखी खाली गेलं. जणू ओल्या स्पंजवर पाय. मी पेडल दोन-तीनदा पटापट मारलं, गिअर खाली ओढले, आणि वळण सोडून सरळ मातीत गेलो. गाडीला काही झालं नाही, मला काही झालं नाही. हात मात्र पिटमध्ये येईपर्यंत थरथरत होते, आणि हेल्मेट काढल्यावर माझ्या आधी त्या मुलाचा चेहरा पांढरा पडलेला दिसला.

कारण साधं होतं आणि पूर्ण माझं होतं. ब्रेक फ्लुइड तीन वर्षं बदललंच नव्हतं. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 4 दर्जाचं नवं तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं तेच तेल 155 पर्यंत खाली येऊ शकतं. आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पाय जमिनीला लागतो. अकराशे किलोची गाडी 150 वरून 60 वर आणायची म्हणजे एका ब्रेकमध्ये सुमारे अडीच लिटर पाणी थंडचं उकळीला आणण्याएवढी उष्णता डिस्कमध्ये जाते. दर फेरीला असे किती ब्रेक लागतात ते मोजा.

एक्झॉस्टवर मी हजारो घातले होते. टर्बोच्या मागचं सगळं तसंच ठेवून नुसता पाठचा पाइप बदलला, तर माझ्यासारख्या गाडीला मिळून मिळून दोन-चार हॉर्सपॉवर मिळतात, तीही कधी कधी मनातच. आणि ज्या एका बाटलीने मला माती दाखवली, ती काही शे रुपयांची.

अजून एक. नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी धरलेली नसते. मातीऐवजी भिंत असती तर सगळा खर्च माझा होता. जाण्याआधी पॉलिसी काढून वाचा.

परतीच्या वाटेवर ठरलेला धंदा

तेराशे किलोमीटर परत यायला दीड दिवस लागतो. बोलायला भरपूर वेळ होता. कुठेतरी दावणगिरीच्या पुढे तो म्हणाला, "सर, तुमची गाडी थांबली नाही तेव्हा मला वाटलं, एक्झॉस्ट मी केला म्हणून लोक मलाच विचारतील."

विचारलं असतंच. गाडीला हात लावणारा प्रत्येक जण त्यात येतो.

मग त्याने काय केलं? रेलिंग सोडलं नाही, ही पहिली चांगली गोष्ट. रोजचा खर्च त्यातूनच निघतो. एक्झॉस्टची कामं दोन भागांत वाटली. एक, मूळ सायलेन्सरची दुरुस्ती. पावसाने गंजलेले जोड, फुटलेले हँगर, फ्लँजमधून होणारी गळती. बरेच जण पूर्ण सायलेन्सरच बदलायला सांगतात आणि उत्पादन बंद झालेल्या गाडीला तो शोधत फिरावं लागतं. हा टाके घालून जसाच्या तसा करून देतो. आवाज कमी होतो, वाढत नाही. तास मोजून पैसे घेतो. यात शेजारच्या गाळ्यातल्या मेकॅनिककडून येणारं काम सर्वांत जास्त.

दोन, ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी काढता-घालता येणारा मागचा भाग. बिलावर "फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी" असं लिहितो. लिहिलं म्हणजे जबाबदारी संपली असं नाही, म्हणून गाडी गाळ्यातून बाहेर पडताना मूळ सायलेन्सरवरच पडते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायला कोणी आलं तर सरळ नाही म्हणतो. आणि अट घातली आहे, आधी मेकॅनिककडून ब्रेक तपासून, तेल बदलून या, मग पाइपचं बोलू.

पहिल्या महिन्यात अकरा जण ट्रॅकच्या पाइपसाठी आले. अट ऐकून आठ परत गेले. त्यातल्या एकाने जाताना टोमणाही मारला, "मग रेलिंगच बनव." मुलगा त्या रात्री मला फोन करून म्हणाला, "सर, आठ जणांचे पैसे गेले." मी म्हटलं, वही काढ, 14,000 वाली. पुढे काही बोललो नाही. उरलेल्या तिघांचं काम त्याने 26,000 च्या दराने केलं, प्रत्येकी तीन दिवसांत, आणि एकही गाडी परत आली नाही.

माझा पाइप त्याच्या भिंतीवर टांगलेला असतो. परवा मी वॉशरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं, तर ब्रेक फ्लुइडच्या टाकीवर एक नवी चिठ्ठी चिकटवलेली दिसली. तेल बदलल्याची तारीख, खाली पुढची तारीख, आणि त्याच्याच अक्षरात: "सर, हिच्याआधी चेन्नई नाही."